सोनटक्के साहेब आणि आग्नेयेचा कोपरा

श्री. मधुकरराव सोनटक्के यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते नगरमध्ये सावेडीच्या एका मोकळ्या प्लॉटवर, भर उन्हात, एका म्हाताऱ्या बाईंना नसलेल्या ओट्यासमोर उभं राहून नसलेली पोळी लाटायला सांगत होते.

मी तेव्हा सेंट्रिंगच्या, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या ठोकणाऱ्या, टोळीत कामाला होतो आणि सायकलवरून एमआयडीसीकडे निघालो होतो. प्लॉटवर पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. एका चौकोनात एक गृहस्थ खुर्ची टाकून पेपर वाचत होते, दुसऱ्या चौकोनातून त्यांच्या सूनबाई तांब्या घेऊन तिसऱ्यात जात होत्या, आणि म्हातारीच्या हातात खरोखरचं लाटणं होतं. मी सायकल थांबवली आणि विचारलं, "कसली पूजा चाललीय?"

साहेबांनी मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणाले, "पूजा नाही. हे लोक राहायला आलेत. घर मागून येतंय."

म्हातारी माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तू तरी सांग ह्यांना! उन्हानं डोकं तापलं माझं. आन हितं लाटताना कोपर भिंतीला लागतंय."

भिंत कुठंच नव्हती. पण साहेब लगेच पुढे झाले, चपलेनं ती फक्कीची रेघ पुसली आणि वीतभर पलीकडे नवीन रेघ मारली. म्हातारीनं पुन्हा लाटून बघितलं आणि म्हणाली, "आता बरं हाय." एक वीट न फोडता भिंत सरकलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. बांधकामांवर मी तोवर फक्त उभ्या राहिलेल्या भिंती फोडल्या होत्या, कारण घरात राहायला आल्यावर कुणाचं तरी कोपर लागायचं.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या ऑफिसात काम मागायला गेलो. साहेबांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हणालो, "नववी." "आणि बाकीचं?" मी म्हणालो, "बाकीचं चालू आहे." साहेब हसले आणि म्हणाले, "या मग, राजाभाऊ." मी वयानं त्यांच्यापेक्षा कितीतरी लहान, पण तेव्हापासून आजतागायत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलेलं नाही.

इथं एक दुरुस्ती करून ठेवतो. सोनटक्के साहेबांनी राजाभाऊला नकाशे काढायला शिकवलं, असं अनेक जण बोलतात. ते बरोबर नाही. नकाशा मी स्वतः शिकलो. पुणतांब्याहून आलेल्या, घरात कुणी पट्टी-पेन्सिल न पाहिलेल्या माणसानं स्वतः शिकलेली ती गोष्ट आहे, आणि आज माझ्या हातच्या नकाशातली रेघ कुणी चुकीची दाखवावी, मी ते टेबल सोडून देईन. साहेबांनी केलं ते वेगळंच होतं. त्यांनी मला टेबल मोकळं करून दिलं, आणि चुकायचं तिथं नुसतं बोट ठेवलं. बरोबर काय, ते कधीच सांगितलं नाही. ते मलाच शोधावं लागे, आणि सापडेपर्यंत साहेब शेजारी आपलं काम करत बसत. जेवायला उशीर झाला तरी उठत नसत.

साहेबांच्या कामाची पद्धत या गौरवग्रंथाच्या वाचकांना ठाऊक असेलच, तरी ज्यांचा बांधकामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आपल्याकडे साधारणपणे नकाशा काढणारे वेगळे आणि बांधणारे वेगळे असतात. साहेब ही दोन्ही कामं स्वतःकडे घेतात. नकाशापासून किल्ली हातात देईपर्यंत एकच माणूस जबाबदार. आता याला डिझाइन-बिल्ड म्हणतात, सरकारी कामातही ते आलं आहे. साहेब याला पहिल्यापासून 'एकहाती काम' म्हणत आले आहेत.

हे त्यांनी का धरलं, ते त्यांनी मला एकदा नगरच्या कोर्टाबाहेर चहा पिताना सांगितलं. तरुणपणी ते दुसऱ्यांसाठी फक्त नकाशे काढत. त्यांच्या ओळखीतल्या एका शाळेचा स्लॅब गळायला लागला. नकाशावाले म्हणाले, बांधणाऱ्यानं माल हलका वापरला. बांधणारा म्हणाला, नकाशातच उतार नव्हता. भांडण कोर्टात गेलं, दोन्हीकडच्या वकिलांनी आपापलं म्हणणं चोख मांडलं, आणि तोवर मुलं बाहेर लिंबाखाली बसून पाढे म्हणत राहिली. साहेब म्हणाले, "राजाभाऊ, दोघंही खरं बोलत होते हो. तेच तर वाईट होतं. त्या दिवशी ठरवलं, नकाशा माझा असेल तर भिंतही माझी. म्हणजे भेग पडली तर मला दुसरीकडे बघता येणार नाही."

यातला फायदा सगळ्यांना दिसतो. काम लवकर होतं. वरच्या मजल्याचे नकाशे चालू असताना खाली पाया निघतो. मालकाला दोन दारं वाजवावी लागत नाहीत. तोटा सहसा कुणी बोलत नाही. साहेब स्वतः बोलतात. एकहाती कामात चूक झाली, तर ती पकडणारा दुसरा हात नसतो. म्हणूनच ती फक्कीची पद्धत. साहेब म्हणत, दुसरा इंजिनियर नसेल तर राहणाऱ्यालाच इंजिनियर करायचं. कागदावरचा नकाशा लोकांना कळत नाही, आणि कळला नाही तरी ते मान डोलावतात. फक्कीत उभं केलं की त्यांचं अंग खरं बोलतं.

माझ्या स्वतःच्या घराच्या वेळी साहेब असेच आले आणि माझ्या बायकोला फक्कीत बसवलं. मी नकाशा अगदी नेटका काढलेला होता. ती दोन मिनिटं बसली आणि साहेबांना म्हणाली, "साहेब, यांनी सगळ्या नगरची घरं काढली. इथं मला पाय पसरायला जागा ठेवली नाही." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं आणि नुसतं बोट ठेवलं. मी रेघ सरकवली. वास्तूच्या दिवशी साहेब तिला म्हणाले, "वहिनी, पाय पसरून दाखवा, मग जेवतो." पंगत खोळंबली, ती लाजली, पण बसली. असं हे साहेबांचं प्रेम.

इथवर लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं, आणि माझा विचार इथंच थांबायचा होता. ग्रंथाच्या संपादकांचा फोन आला, तेव्हा मी साहेबांची परवानगी घ्यायला गेलो. साहेब आता घराबाहेर फारसे पडत नाहीत. चालताना वॉकर लागतो, आणि जिना चढला की धाप लागून बराच वेळ बोलत नाहीत. मी सांगितलं, तुमच्यावर लेख लिहितोय. साहेब म्हणाले, "लिहा. पण आग्नेयेच्या कोपऱ्याचं लिहिणार असाल तर."

मी म्हणालो, "साहेब, गौरवग्रंथ आहे."

साहेब म्हणाले, "मग पूर्ण इमारतीचा करा. तीन कोपऱ्यांचा कसला गौरव?"

म्हणून आता तो चौथा कोपरा.

पाथर्डीकडे, डोंगराच्या पायथ्याला, एक गाव आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्या गावाचा यात दोष नाही. गावातली बरीचशी घरं दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीची एक जोडी. मुलं सोबत नेली तर शाळा बुडते, मागे ठेवावी तर सांभाळायला म्हातारं माणूस हवं. मुलींच्या बाबतीत तर आणखी काही गोष्टी असतात, त्या सगळ्यांना माहीत आहेत आणि कुणी मोठ्यानं बोलत नाही. एका संस्थेनं तिथं वसतिगृह करायचं ठरवलं. जागा गावातल्याच एका वयस्कर आजोबांनी दिली. पुढच्या हंगामाआधी इमारत हवी होती, म्हणून संस्थेनं काम साहेबांकडे एकहाती सोपवलं. साहेबांनी त्यानंतर दुसरं काम घेतलं नाही. साहेबांचं वय तेव्हा सत्तरीच्या पुढे गेलेलं होतं.

तिथंही फक्की मारली. एका बाजूला मुलग्यांचा भाग, एका बाजूला मुलींचा, दोन्हीच्या मध्ये बांधकामाचा सांधा, म्हणजे दोन्ही सांगाडे सुटे ठेवणारी फट, सोडलेला, आणि आग्नेयेच्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. वास्तुशास्त्र मानणारे चूल आग्नेयेलाच मागतात, म्हणून संस्थेचा तसा आग्रह होता. गावातल्या बायका आल्या. त्यांत मंगल नावाची एक बाई पुढे पुढे होती. तिची मोठी मुलगी कोमल तेव्हा नववीत जाणार होती, धाकटी सोनाली अजून लहान होती. मंगल आणि इतर बायकांनी सगळीकडे बसून पाहिलं, मुलींना झोपवून पाहिलं, बादल्या ठेवून पाहिल्या. फक्त आग्नेयेच्या चौकोनात कुणीही बसलं नाही. साहेबांनी म्हटलं, "चूल इथं मांडून बघा." बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग मंगलनं दगड उचलले आणि पार पलीकडे, पश्चिमेला, चूल मांडली. साहेबांनी मान डोलावली.

परत येताना गाडीत साहेब फार खुशीत होते. इतके खुशीत मी त्यांना क्वचितच पाहिलंय. म्हणाले, "बघितलंत राजाभाऊ? शिकलेले लोक आग्नेय आग्नेय करत बसतात. या बायकांनी वास्तुशास्त्र उचलून पलीकडे ठेवलं. आग्नेयेला चूल मांडली तर धूर खोल्यांत जाईल, त्यांना बरोबर कळलं." साहेबांचा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही, हे सर्वांना ठाऊक आहे, त्यावर त्यांनी भाषणंही दिली आहेत. त्या दिवशी त्यांना वाटलं, गावानं आपल्या बाजूनं मत दिलं. स्वयंपाकघर पश्चिमेला नेलं. आग्नेयेला सकाळचं ऊन छान येतं, म्हणून तिथं मोठ्या मुलींची झोपायची खोली आली.

जमीन तपासायला खड्डे घेतले होते. पायासाठी खोदलं तेव्हा सगळीकडे चांगला मुरूम लागला, आग्नेयेलाही मुरूमच लागला. नेटाचा, घट्ट मुरूम. पहारीला सहज दाद देईना. मी स्वतः उभा होतो. वरून पाहिलं तर ती जमीनच होती.

इमारत वेळेत उभी राहिली. खाटा आल्या. भाद्रपदात, एका जोराच्या पावसानंतर, मुलींच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी भेग निघाली. प्लास्टरची भेग आडवीतिडवी असते, तिचं कुणी फार मनावर घेत नाही. तिरकी भेग म्हणजे खालून काहीतरी जातंय. साहेबांनी भेगेवर काचेची पट्टी चिकटवली. जमीन हलत नसेल तर काच टिकते. पुढच्या खेपेला आलो, तर काच मधोमध तडकलेली होती.

त्याच दिवशी मंगल कोमलला घेऊन खोली बघायला आली होती. कोमलनं खिडकीजवळची खाट आधीच आपली म्हणून ठरवून टाकली होती आणि ती धाकटीला दटावत होती, "चप्पल काढ आधी. हितं चप्पल चालत न्हाई." साहेब भिंतीकडे बघत उभे होते. ते मंगलला म्हणाले, "बाई, त्या दिवशी इथं चूल का नाही मांडली तुम्ही? धूर होईल म्हणून ना?"

मंगल म्हणाली, "धुराचं काय न्हाई साहेब. हितं चूल कशी मांडावी? खाली हीर हाय न्हवं का."

साहेब तिच्याकडे वळले. मीच विचारलं, "विहीर? कुठली विहीर?"

"लई जुनी. दुस्काळात खांदत हुते. पानी लागलंच न्हाई. वरची बाजू ढासळली आन जागा दिली त्या आजोबांची थोरली भावजय मातीखाली गाडली. पाटी घिऊन उतरली हुती. तिला काढली, आन मग हीर बुजवली तशीच. तवापासनं हितं कुनी बसत न्हाई."

म्हणजे विहिरीतून निघालेलाच मुरूम पुन्हा विहिरीत गेला होता, आणि इतक्या पावसाळ्यांत तो वरून जमिनीसारखाच घट्ट झाला होता. खाली मात्र तो भरलेला होता, बसलेला नव्हता.

मला राग आला. मी म्हणालो, "अहो मग त्या दिवशी सांगायचं ना!"

मंगल माझ्याकडे नाही, साहेबांकडे बघत म्हणाली, "साहेब बघतच हुते. त्यांनी मान हालवली. म्हनलं, समजलं साहेबांला."

साहेब त्या दिवशी परतीच्या वाटेवर एवढंच म्हणाले, "मी विचारलं होतं, राजाभाऊ. त्यांनी उत्तरही दिलं होतं. मला वाटलं मी जिंकलो."

संस्थेचे सचिव भला माणूस. ते म्हणाले, "साहेब, पुट्टी भरा, दोन टेकू द्या, एवढा हंगाम काढू. उन्हाळ्यात काय पाडायचं ते पाडा. पोरी एकदा तोडीला गेल्या तर सगळ्या परत येतात का, ते मला विचारा."

साहेब म्हणाले, "टेकू कुठं द्यायचा ते सांगा. टेकूच्या खालीही तीच विहीर आहे."

"एवढी खोली बंद ठेवू."

"एका सांगाड्यात आहे सगळं. हा कोपरा गेला तर शेजारच्या खोल्यांना ओढणार. सांध्याच्या पलीकडे मुलग्यांचा भाग आहे, तो सुरक्षित आहे. तो चालू करा."

सचिव म्हणाले, "म्हणजे मुलगे राहतील."

साहेब म्हणाले, "हो."

ते दोघंही खरं बोलत होते. मी शेजारीच बसलो होतो आणि मला कोर्टाबाहेरचा चहा आठवत होता. फरक एवढाच, की इथं साहेबांना कुणाकडे बोट दाखवता येत नव्हतं. साहेबांच्या ओळखीचे एक वकील म्हणाले होते, जमिनीची माहिती लपवली असं लिहून घ्या, तुम्ही मोकळे व्हाल. साहेबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. पुढे गावच्या देवळासमोर लोक जमले, तेव्हा साहेब उभे राहून म्हणाले, "पाया मी काढला, नकाशा मी काढला, तुम्ही दाखवलं ते मला वाचता आलं नाही. मुलींची बाजू यंदा उघडणार नाही. चूक माझी आहे." कुणी रागावलं असतं तर बरं वाटलं असतं. लोक एकेक करून उठून गेले. ज्यांनी जागा दिली ते आजोबा खाली बघत बसले होते.

त्यानंतरचे दिवस साहेबांनी मुलींसाठी छप्पर शोधण्यात घालवले. मुलग्यांचा भाग यंदा मुलींना द्या, असं त्यांनी सुचवून पाहिलं, पण मुलग्यांचे बाप हटेनात. शाळेची खोली चालेना. तिथं न्हाणीघर नाही, रात्रीला बाई माणूस नाही. गावात भाड्यानं घर बघितलं, पण परक्या घरात मोठ्या मुली ठेवायला आया तयार होईनात. शेवटी साहेब मंगलच्या घरी गेले आणि म्हणाले, कोमलला आमच्या घरी नगरला पाठवा, मी आणि माझी बायको सांभाळू, शाळेतही तिकडेच घालू.

मंगलनं चहा दिला. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या घरी पोर सुखात ऱ्हाईल, मला म्हाईत हाय. पन भावकी काय म्हनंल? शाळंला ठिवली का धुनीभांडी करायला? ल्येकीची जात हाय. एकदा नाव निघालं की मग काय ऱ्हातं?" तिचा नवरा दारात उभा होता. तो बाहेर निघून गेला. ते उत्तर आम्हा दोघांनाही कळलं.

ऊसतोडीचे ट्रक निघाले त्या सकाळी साहेब मला घेऊन गेले. गरज नव्हती, पण गेले. गाठोडी, भांडी, शेळ्या, वर माणसं. कोमल गाठोड्यांवर बसली होती. साहेबांना बघून तिनं हात केला आणि वरून ओरडली, "साहेब, माझी खाट दुसरीला देऊ नका हां! म्या यायचीय!"

साहेब म्हणाले, "नाही देत."

मुलींची बाजू साहेबांनी उभं राहून पाडली. मग विहीर तळापर्यंत उकरली. तळाशी गंजून कागदासारखं झालेलं एक घमेलं निघालं. मंगल पाटी म्हणाली होती, पण ते घमेलं होतं; नक्की सांगतो, कडी अजून शाबूत होती. साहेबांनी ते आजोबांकडे नेलं. आजोबांनी ते हातात घेतलं, नुसतं "यमुनावैनी" म्हणाले आणि आत गेले. त्यांच्या सुनेनं मला नंतर सांगितलं, की ते नाव त्या घरात तिनं पहिल्यांदाच ऐकलं. विहीर खालच्या कातळापासून दगड-काँक्रीटनं भरून आणली आणि त्यावर कोपऱ्यासकट ती बाजू पुन्हा उभी केली. ते काम मी पाहिलेल्या कामांत सर्वांत पक्कं आहे. मी हे सहज म्हणत नाही.

हंगाम संपला, माणसं परतली. मंगल आली, नवरा आला, सोनाली आली. कोमल त्यांच्याबरोबर नव्हती. तिकडे कारखान्याच्या कडेला, पाचटाच्या झोपडीत, कोपीवर असतानाच तिचं लग्न लावून दिलं होतं; मुलगाही तोडीचाच. मंगलनं साहेबांना सांगताना नजर चुकवली नाही. म्हणाली, "एकटी कोपीवर ठिवून फडात जायचं, साहेब. रोज जीव टांगणीला. किती दिस राखावी?" साहेबांनी तिला दोष दिला नाही. मी दिला असता, पण साहेबांनी माझ्या हातावर हात ठेवला होता.

काही जण म्हणतात, साहेब तेव्हा टेकूला हो म्हणाले असते तर कोमल आज कॉलेजात असती. काही म्हणतात, कोपरा पडला असता तर किती मुली गेल्या असत्या. मी दोन्ही हिशेब करून पाहिले आहेत, आणि दोन्ही बरोबर येतात. साहेबांशी यावर बोलण्याचा प्रयत्न मी एकदाच केला. म्हणालो, साहेब, पाडणं बरोबरच होतं. ते म्हणाले, "पाडणं बरोबर होतं. बांधणं चूक होतं. दोन्ही माझंच आहे." एवढं बोलून त्यांनी खिडकी लावून घेतली.

नवीन बाजू तयार झाली तरी पहिल्या वर्षी मुलींना तिथं ठेवायला आया धजेनात. तेव्हा साहेबांनी काय केलं, ते त्यांनी कुणाला सांगितलं नसेल, म्हणून इथं लिहितो. कोमलची खाट होती तिथंच ठेवली, आपली घडीची खाट तिच्या पलीकडे टाकली, आणि अख्खा पावसाळा त्या आग्नेयेच्या खोलीत काढला. भिंतीवर काचेच्या पट्ट्या लावल्या होत्या. गावातल्या बायका येऊन बघायच्या, काच तडकली का. तडकली नाही. पण खोली नवीन, भिंती ओल्या, बाहेर पाऊस. साहेबांच्या छातीत कफ भरला आणि शेवटी त्यांना ॲम्ब्युलन्समधून नगरला आणावं लागलं. आज जिना चढल्यावर ते बोलत नाहीत, त्याचं कारण तेच. डॉक्टरांनी वयाचं कारण लिहिलं आहे. मला ते मान्य नाही.

त्या वर्षी मुलींची बाजू भरली. सोनालीही तिथंच राहते. ती आता आठवीत आहे.

मी आता स्वतंत्र काम करतो. फक्की मारतोच. पण लोक कुठं बसले यापेक्षा कुठं बसले नाहीत ते आधी बघतो, आणि त्या जागेवर उभं राहून विचारतो, इथं का नाही? मान डोलावत नाही. तोंडानं उत्तर मिळेपर्यंत थांबतो. ही गोष्ट मात्र मी स्वतः शिकलेलो नाही.

गेल्या महिन्यात मंगल साहेबांना भेटायला नगरला आली. मी तिथंच होतो. साहेब म्हणाले, "सोनालीला दहावीपर्यंत ठेवाल ना?"

मंगल म्हणाली, "ठिवीन की. पन एक बोलू का? आमचा भरवसा भिंतीवर न्हाई, साहेब. भिंत काय, एकदा गेलीच की. भरवसा तुमच्यावर हाय. पाऊस सरला की तुमी येता, काच बघता, मग आमी ट्रकात बसतो. तुमी हाय तवर पोरगी ठिवते. फुडचं मला सांगू नका."

साहेब म्हणाले, "मी नसलो तर राजाभाऊ येतील."

मंगलनं माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग साहेबांना म्हणाली, "तुमीच या."

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना निरामय दीर्घायुष्य मिळो, असं इथं लिहायचं असतं. मी साहेबांना ओळखतो. त्यांना ही वर्षं सोपी जात नाहीत, आणि आणखी वर्षं मागताना आपण त्यांच्यासाठी काय मागतोय ते मला नीट ठाऊक आहे. तरीही मागतो. साहेब, सोनालीची दहावी व्हायची आहे. तिच्यामागे त्या खोलीत आणखी लहान मुली आहेत, आणि त्यांच्या आयांनीही मंगलसारखंच ठरवून ठेवलं आहे. तेव्हा औषधं वेळेवर घ्या, जिना सावकाश चढा. यंदा पाऊस सरला की मी गाडी घेऊन दारात येतो. आपल्याला काच बघायला जायचं आहे. पुढच्या वर्षीही जायचं आहे, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही.